विश्लेषण : सचिनला पाच वर्षे, खाशाबांना ४८ वर्षे… महान खेळाडूचा गौरव नेमका कधी व्हावा?

मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये १६ मे २०२५ रोजी एकाच कार्यक्रमात दोन कर्णधारांच्या नावांचे स्टँड खुले झाले. पहिले नाव होते रोहित शर्माचे. नागपुरात जन्मलेल्या रोहितने जेमतेम नऊ दिवसांपूर्वी कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली होती आणि एकदिवसीय सामन्यांसाठी तो उपलब्ध होता. दुसरे नाव होते अजित वाडेकर यांचे. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये जाऊन मालिका जिंकल्या होत्या. त्या पराक्रमाला ५४ वर्षे झाली होती आणि वाडेकर यांचे निधन होऊन जवळपास सात वर्षे.

दोघांच्या योग्यतेबद्दल वाद नाही. मात्र एकाला खेळत असताना मान मिळतो आणि दुसऱ्याला मृत्यूनंतर, हे कशावरून ठरते? मोठा खेळाडू निवृत्त झाला की त्याला लगेच ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घ्या, ‘भारतरत्न’ द्या, अशी मागणी सुरू होते. ही घाई योग्य आहे का? नियम काय सांगतात आणि उशीर झाला तर नुकसान कोणाचे होते?

‘हॉल ऑफ फेम’ची कल्पना आली कुठून?

खेळातील सर्वांत प्रसिद्ध ‘हॉल ऑफ फेम’ अमेरिकेतील बेसबॉलचे आहे. १९३६ मध्ये तेथे पहिल्यांदा मतदान झाले आणि बेब रूथसह पाच खेळाडूंची निवड झाली. आजच्या नियमानुसार खेळाडूने शेवटचा सामना खेळून पाच वर्षे झाल्याशिवाय त्याचे नाव मतपत्रिकेवर येत नाही. मतदान अनुभवी क्रीडा पत्रकार करतात. निवडीसाठी ७५ टक्के मते लागतात आणि नाव जास्तीत जास्त दहा वर्षे मतपत्रिकेवर राहू शकते.

म्हणजे ‘लगेच’ निवड झाली याचा तेथील अर्थ निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी असा नाही. पात्र झाल्यावर पहिल्याच मतदानात निवड, असा तो आहे आणि तोही मोठा मान समजला जातो. २०१९ मध्ये मारियानो रिव्हेरा याला सर्वच्या सर्व मते मिळाली. असा तो पहिलाच खेळाडू. पुढच्या वर्षी डेरेक जीटर आणि २०२५ मध्ये जपानचा इचिरो सुझुकी यांचे एकमत केवळ एका मताने हुकले.

क्रिकेटमध्ये काय नियम आहे?

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजेच आयसीसीने, शताब्दीनिमित्त २००९ मध्ये आपले ‘हॉल ऑफ फेम’ सुरू केले. सुनील गावसकर, बिशनसिंग बेदी आणि कपिल देव हे भारतीय सुरुवातीच्या यादीतच होते. येथेही शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते.

सचिन तेंडुलकर हे त्याचे ठळक उदाहरण. २०० कसोटी, ४६३ एकदिवसीय सामने आणि १०० आंतरराष्ट्रीय शतके. तरीही नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर शेवटची कसोटी खेळलेल्या सचिनची निवड जुलै २०१९ मध्ये झाली. त्याआधी २०१८ मध्ये राहुल द्रविडची निवड झाली तेव्हा ‘सचिन का नाही?’ असा प्रश्न अनेक चाहत्यांना पडला होता. उत्तर सोपे होते. द्रविड २०१२ मध्ये निवृत्त झाला होता. सचिनची पाच वर्षे तेव्हा पूर्ण झाली नव्हती.

ही मोजणी निवृत्तीच्या घोषणेपासून होत नाही, शेवटच्या सामन्यापासून होते. महेंद्रसिंग धोनीने निवृत्ती जाहीर केली ऑगस्ट २०२० मध्ये, पण त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना होता जुलै २०१९ मधील विश्वचषक उपांत्य सामना. त्यामुळे जून २०२५ मध्ये त्याची निवड होऊ शकली. हाच हिशेब रोहितलाही लागू होतो. कसोटी किंवा टी-२० सोडले म्हणून पाच वर्षांचे घड्याळ सुरू होत नाही. ते सुरू होते शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर.

पाच वर्षे थांबवण्याचे कारण काय?

पहिले कारण भावनेचे. निरोपाच्या सामन्यात डोळ्यांत पाणी असताना कोणताही खेळाडू सर्वकालीन महान वाटतो. काही वर्षांनी त्याची तुलना आधीच्या आणि नंतरच्या पिढीशी करता येते.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. काही गोष्टी उशिरा बाहेर येतात. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्याकडे सभ्य आणि आदर्श कर्णधार म्हणून पाहिले जात होते. २००० मध्ये सामना निश्चितीचे प्रकरण उघड झाले आणि त्याच्यावर आजीवन बंदी आली. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याची ‘टूर द फ्रान्स’ची सात विजेतेपदे २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांमुळे काढून घेण्यात आली. बेसबॉलमध्ये सर्वाधिक ७६२ ‘होम रन’ नावावर असलेला बॅरी बाँड्स दहा वेळा मतपत्रिकेवर येऊनही निवडला गेला नाही. उत्तेजकांच्या आरोपांची सावली त्याच्यावरून हटली नाही.

दिलेला मान परत घेणे संस्थेलाही अवघड जाते आणि खेळालाही. त्यापेक्षा थोडे थांबणे बरे, असा या नियमामागचा विचार आहे.

नियमाला अपवाद केला जातो का?

होय. बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला असताना विमान अपघातात मरण पावला. त्याच्यासाठी पाच वर्षांची अट बाजूला ठेवण्यात आली आणि १९७३ मध्येच त्याची निवड झाली. त्याआधी १९३९ मध्ये असाध्य आजाराने ग्रासलेल्या लू गेरिगलाही असाच अपवाद करून घेण्यात आले होते.

या दोन्ही अपवादांमागे लोकप्रियतेची लाट नव्हती. गेरिगच्या बाबतीत हाताशी वेळ उरला नव्हता आणि क्लेमेंटेच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती.

भारतात गौरव ‘लगेच’ झाल्याचे उदाहरण कोणते?

पुन्हा सचिनच. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याची शेवटची कसोटी संपली आणि काही तासांतच ‘भारतरत्न’ जाहीर झाले. हा सन्मान मिळवणारा तो पहिला खेळाडू आणि वयाच्या चाळिशीत तो मिळवणारा सर्वांत तरुण मानकरी ठरला. २०११ पर्यंत या पुरस्काराच्या निकषांत खेळाला जागाच नव्हती. त्या वर्षी नियम बदलून ‘मानवी कर्तृत्वाचे कोणतेही क्षेत्र’ अशी तरतूद झाली आणि दार उघडले.

दार उघडले तेव्हा रांगेत आधीपासून एक नाव होते, हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचे. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकांचे ते मानकरी. त्यांना १९५६ मध्ये ‘पद्मभूषण’ मिळाले होते. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मदिनी, २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो. २०२१ मध्ये ‘खेलरत्न’ पुरस्कारालाही त्यांचे नाव देण्यात आले. पण सचिनच्या आधी ध्यानचंद का नाहीत, हा २०१३ मधील प्रश्न त्यामुळे पुसला गेला नाही.

सचिनची योग्यता या वादात कमी होत नाही. दोन संस्था एकाच खेळाडूला वेगळी मोजपट्टी लावतात, एवढे यातून दिसते. आयसीसीने त्याला साडेपाच वर्षे थांबवले आणि सरकारने एक दिवसही थांबवले नाही.

उशीर झाल्यास काय होते?

याचे उत्तर कराडजवळच्या गोळेश्वर गावात आहे. खाशाबा जाधव यांनी जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. प्रवासाचे पैसे उभे करण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. परतल्यावर गावाने त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली. गावाने मान लगेच दिला. देशाने मात्र फार वेळ घेतला.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल आणि लिअँडर पेस यावा लागला. ती ४४ वर्षे पाहिली तरी खाशाबांच्या पदकाचे मोल कळते. तरीही १९६१ मध्ये सुरू झालेला ‘अर्जुन’ पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. ‘अर्जुन’ मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. पदकानंतर ४८ वर्षांनी.

‘पद्म’ पुरस्कारासाठी त्यांच्या कुटुंबीयांना दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला. येथे आणखी एक नियम आडवा येतो. ‘पद्म’ पुरस्कार सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत. अत्यंत योग्य प्रकरणात अपवाद होऊ शकतो, पण निधन अलीकडचे, साधारण वर्षभरातील, असावे अशी अपेक्षा असते. म्हणजे हयातीत यंत्रणेचे लक्ष गेले नाही, तर नंतर तोच उशीर अपात्रतेचे कारण ठरू शकतो.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचेही असेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताचे पहिले सुवर्ण जिंकले. त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली २०१८ मध्ये, तब्बल ४६ वर्षांनी. समाधान एवढेच की ती स्वीकारायला ते स्वतः होते. आयसीसीच्या यादीतही उशिराची नावे आहेत. १९७८ मध्ये निधन झालेले विनू मंकड २०२१ मध्ये निवडले गेले. डायना एडलजी २०२३ मध्ये निवडल्या गेल्या, तेव्हा त्या या यादीतील पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

आता परिस्थिती बदलली आहे का?

बऱ्याच अंशी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकले. राज्य सरकारने लगेच एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला ‘अर्जुन’ मिळाला. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकून आली आणि काही दिवसांतच तिचा राज्य सरकारतर्फे सत्कार झाला.

मात्र बक्षीस आणि ‘हॉल ऑफ फेम’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस एका कामगिरीचे असते. ते लगेचच मिळायला हवे, कारण पुढच्या तयारीला पैसा लागतो. ‘हॉल ऑफ फेम’ किंवा सर्वोच्च नागरी सन्मान हा संपूर्ण कारकिर्दीचा निवाडा असतो. तेथे थोडे थांबण्यात खेळाडूचा अपमान नाही.

मग योग्य पद्धत कोणती?

उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली तर पाच वर्षांची प्रतीक्षा हा खरा अडथळा दिसत नाही. सचिनला तिने काही फरक पडला नाही. त्याची निवड केव्हा होणार, हे सर्वांना आधीच माहीत होते. खाशाबांच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा वेगळी होती. तिला तारीख नव्हती आणि त्यांचे नाव दरवर्षी पुढे आणण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

बेसबॉलने यावर एक तोडगा काढला आहे. मतदानात सुटलेल्या जुन्या खेळाडूंचा विचार करण्यासाठी तेथे स्वतंत्र समित्या असतात. वर्णभेदामुळे मुख्य लीगबाहेर राहिलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमधील १७ जणांची २००६ मध्ये एका विशेष निवडीतून नोंद घेतली गेली. थांबण्याची मुदत ठरलेली, वय आणि आजारपणासाठी सूट आणि राहून गेलेल्यांसाठी वेगळी यादी, अशी रचना असेल तर घाईही टळते आणि अन्यायही.

गोंदियाच्या खेळाडूंशी याचा संबंध काय?

गोळेश्वर हेही एक गावच होते. झाडीपट्टीत हिवाळ्यात गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावचा एखादा खेळाडू जिल्हा आणि नागपूर विभाग पार करून राज्य स्पर्धेपर्यंत जातो. सरकारी नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षण असो की राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार, तेथे आठवणी चालत नाहीत, प्रमाणपत्रे लागतात. स्पर्धेचे नाव, तारीख आणि क्रमांक असलेला कागद त्याच वर्षी जपून ठेवणे आणि त्याची पडताळणी करून घेणे महत्त्वाचे ठरते.

‘पद्म’ पुरस्कारांसाठी दरवर्षी ठरावीक मुदतीत केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन नामांकने मागवली जातात. ती कोणताही नागरिक करू शकतो, त्यासाठी मंत्री किंवा अधिकारी असण्याची गरज नाही. गावातील एखादा जुना मल्ल, धावपटू किंवा प्रशिक्षक या योग्यतेचा वाटत असेल, तर त्याच्या कामगिरीची माहिती लिहून नाव पाठवता येते. मरणोत्तर पुरस्काराची अट पाहता, हे काम तो हयात असतानाच झालेले बरे.