कागद आईचा, निर्णयही आईचाच!

आईच्या गालाच्या आत जखम होती. दीड महिना झाला तरी ती भरेना. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून आम्ही दिवस काढले. चाळीस वर्षे आई मशेरी लावते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते; पण त्याचा विचार कुणी केला नाही. अखेर पालिकेच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी जखमेचा लहानसा तुकडा तपासणीसाठी काढला आणि आठ दिवसांनी रिपोर्ट न्यायला या, असे सांगितले.

त्या दिवसापासून घराची बोलीच बदलली. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही. थोरल्या भावाने मला गॅलरीत नेऊन बजावले, “काहीही निघो, आईला सांगायचं नाही.” मामांनी नवस बोलायला सांगितला. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुकडा काढला की रोग चेततो. शिकलेली माणसेही माना डोलावू लागली!

खरे काय आहे? तुकडा तपासल्याशिवाय रोग कोणता, हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकत नाहीत. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप करतात, रंग देतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी आणखी तपासण्या लागतात. म्हणून वेळ लागतो. रिपोर्टला उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे. न भरणारी प्रत्येक जखम कॅन्सरची नसते. पण तीन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. सुरुवातीला सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता मोठी असते. आम्ही दीड महिना घालवला, ही चूक आमची.

तिसऱ्या रात्री आईनेच कोंडी फोडली. “का रं, मला सोडून समदी कुजबुजताय. तोंड माझं हाय, कागद माझा हाय, मग मला सांगाया नको?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. माणसाला जाणून घेण्याचा हक्क आहे, असे सभांमधून बोलणारे आम्ही, आईला तिच्याच शरीराविषयी अंधारात ठेवायला निघालो होतो! याला माया म्हणायचे की आमचा भित्रेपणा? दुसऱ्याच्या जगण्याचा निर्णय परस्पर घेणे, ही कुठली समता?

मी सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरं. सोमवारी मीबी आत येणार.” त्या रात्री ती झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

बंधू-भगिनींनो, वाट पाहण्याच्या दिवसांत करण्यासारखे पुष्कळ असते. जुने कागद एका फायलीत लावा. आईच्या मनातले प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत लिहा. मशेरी सोडायला मदत करा. ‘तुझ्यामुळेच झालं’ असे मात्र चुकूनही म्हणू नका. जखम झोंबू नये म्हणून मऊ, बिनतिखट खायला द्या. रेशनकार्ड, आधारकार्ड हाताशी ठेवा. २०१२ मध्ये जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेल्या जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचारही येतात. योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच भेटून ठेवा. गावाकडून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा आहे, हेही माहीत असू द्या.

आणि सर्वांत मोठे काम म्हणजे जवळ बसणे. ‘काही होत नाही’ असे खोटे बोलू नका. ‘जे निघेल ते मिळून बघू’ एवढे म्हणा.

रिपोर्ट सोमवारी आहे. काय निघेल, मला माहीत नाही. पण डॉक्टर बोलतील तेव्हा खुर्चीवर आई बसलेली असेल आणि आम्ही तिच्या मागे उभे असू. थोरला भाऊसुद्धा!