आखणी परतीपासून

उज्जैनला समुद्र नाही आणि ही अडचण आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात उज्जैन ‘ओझेने’ या नावाने येते. इथला अकीक आणि मलमल भडोचला जाई आणि तिथून जहाजावर चढे. आज एमपी १३ पासिंगची जुनी मारुती ८०० घेऊन ‘मंगोल रॅली’त उतरायचे, तरी आधी बंदराचाच विचार करावा लागतो. २००४ पासून चालणाऱ्या, युरोपातून सुटणाऱ्या या रॅलीत लहान, जुनी गाडी लागते, इंजिन एक लिटरपर्यंतचे, आणि सोबत मदतीचे पथक नाही. ७९६ सीसीची ८०० त्यात चपखल बसते. बहुतेक जण तयारीची सुरुवात गाडी शोधण्यापासून करतात. ती परतीच्या प्रवासापासून करावी, कारण या खटाटोपात स्वस्त असते ती फक्त गाडी.

यातला कळीचा कागद म्हणजे कार्ने, गाडीचा जणू पासपोर्ट. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था तो देतात. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात: एक देशात शिरताना कस्टम्स फाडून घेते, दुसरा बाहेर पडताना, आणि दोन्ही शिक्के बसलेला तिसरा वहीत राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल, तर गाडी त्या देशात विकली असे धरून जकात मागितली जाते. म्हणूनच आधी हमीची रक्कम ठेवावी लागते आणि ती गाडीच्या किमतीवर व देशांच्या यादीवर ठरते. जुनी गाडी घेण्याचे खरे शहाणपण इथे आहे: किंमत कमी, म्हणून अडकणारा पैसाही कमी. मात्र शेवटच्या टप्प्यावर गाडी टाकून विमानाने परतायची मुभा हाच कागद काढून घेतो. कार्ने आणि आंतरराष्ट्रीय लायसन्स, दोन्हींची मुदत एकेक वर्ष. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचे नूतनीकरण केलेले आरसीही परतीच्या तारखेपर्यंत चालणारे हवे.

मग येते जहाज. १९६८च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमध्ये ९८ गाड्या निघाल्या. मुंबई गाठणाऱ्यांना पुढे ‘चुसान’ बोटीनेच फ्रीमँटल गाठायचे होते. तिथेही रस्त्याचे वेळापत्रक बोटीने ठरवले. न्हावाशेव्याहून जाताना हिशेब सेंटिमीटरचा असतो. ८००ची लांबी ३.३३५ मीटर. वीस फुटी कंटेनर आतून जेमतेम ५.९ मीटर, म्हणजे त्यात एकच गाडी मावते. चाळीस फुटी आतून सुमारे बारा मीटर. त्यात एकामागे एक तीन गाड्या बसतात आणि भाडे तिघांत वाटले जाते. तेव्हा तीन संघ जमवणे ही पहिली बचत. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. म्हणून जुलैच्या रॅलीसाठी गाडी एप्रिलमध्येच उज्जैनहून निघाली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, नेपाळ–तिबेटमार्गे रस्त्यानेच का जाऊ नये? चीन ना कार्ने मानतो ना आपले आंतरराष्ट्रीय लायसन्स. परवाने आणि स्थानिक वाटाड्या यांचा खर्च जहाजाची बचत खाऊन टाकतो. शिवाय जुलै २०२५च्या पुरात रसुवागढीचा सीमेवरचा पूलच वाहून गेला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: युरोपातच स्वस्त गाडी का घेऊ नये? फक्त रॅली करायची असेल, तर तो मार्ग खरोखर सोपा आहे. पण बहुतेक देशांत गाडी नावावर करायला स्थानिक पत्ता लागतो. तिथे ज्यांचे नातेवाईक राहत असतील त्यांनी तसेच करावे. तिसरी शंका जुन्या गाडीच्या भरवशाची. बिघाड होणारच, पण ८००ची साधी यंत्रणा रस्त्याकडेला उघडता येते. क्लच केबल, फॅनबेल्ट, प्लग बरोबर नेता येतात. राहून गेलेला शिक्का मात्र कुठल्याच गॅरेजात मिळत नाही.

तेव्हा उज्जैनच्या मित्रमंडळींनी कागदावर पहिली ओळ परतीच्या बंदराची लिहावी. अलीकडे रॅली संपते त्या कझाकस्तानलाही उघडा समुद्र नाही, आणि अझरबैजानने २०२०पासून जमिनीवरच्या सीमा प्रवाशांना बंद ठेवल्या. रशियातून जॉर्जियाच्या पोटी बंदराला यायचे, तर रशियाचा व्हिसा किती प्रवेशांचा घ्यायचा हे निघण्यापूर्वीच ठरते. परतीचे भाडे गाडीच्या किमतीहून जास्त पडेल. तो आकडा पाहूनही ज्यांचा उत्साह टिकतो, त्यांनी खुशाल गाडी शोधायला निघावे.