फ्लेक्सवरचे हात

जिजाऊ जयंती जवळ आली की चिखली, मेहकर, देऊळगाव राजाच्या फ्लेक्सच्या दुकानांना उसंत नसते. १२ जानेवारीला सिंदखेडराजाकडे निघालेल्या गर्दीला शुभेच्छा द्यायच्या असतात आणि देणाऱ्याचा फोटो शुभेच्छांपेक्षा मोठा हवा असतो. अशा एका दुकानात बसून मी चेहरे सोडून नुसते हात पाहत होतो.

डिझाइन करणारा पोरगा फोटोशॉपमध्ये एका कार्यकर्त्याला कापत होता. डोकं, खांदे झटपट झाले. बोटांपाशी माऊस रेंगाळला. बोटांच्या फटीत मागच्या भिंतीचा निळा रंग राहिला तर दहा फुटी फ्लेक्सवर तो रस्त्यावरूनही दिसतो. घाई असली की तो तयार ‘बॉडी’ घेतो: पांढरा कुर्ता, जाकीट, जोडलेले हात, वर फक्त मुंडकं बसवायचं. मग सावळ्या चेहऱ्याखाली गोरेपान पंजे येतात. गिऱ्हाइकाची काही तक्रार नसते.

आतल्या खोलीत फोटो काढतात. पोरांना रोखलेलं बोट हवं असतं. संसदेच्या आवारातला, १९६७ साली उभा राहिलेला शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवलेला बाबासाहेबांचा पुतळा सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला. त्या बोट रोखलेल्या हाताच्या जोडीला दुसऱ्या हातात संविधान आहे. इथल्या बोटामागे बहुधा नगरपालिकेचं तिकीट असतं. शिवाय बोट थेट भिंगावर रोखलं की आखूड दिसतं आणि मूठ डोक्याएवढी होते. “भाऊ, बोट जरा बाजूला घ्या,” फोटोग्राफर पुन्हापुन्हा सांगतो.

वऱ्हाडातल्या वाड्यांमधल्या जुन्या फोटोंत पाटील असं काही करत नाहीत. एक पंजा गुडघ्यावर पालथा, दुसरा काठीवर. त्यात यंत्राचाही हात होता: ज्यावर फोटो उमटायचा त्या जुन्या काचा मंद, काही सेकंद हलायचं नाही, म्हणून हाताला टेकू लागायचा. पुढे तीच सक्ती रुबाब ठरली.

फ्लेक्सवर अजूनही तसंच आहे. वरच्या रांगेतले साहेब नुसते हात जोडून हसतात. हाताची घडी, मिशीवरची बोटं, उगारलेली मूठ हे सगळं खालच्या ‘शुभेच्छुक’ रांगेत. ज्याला अजून काही मिळायचंय, त्याचाच हात जास्त बोलतो.

त्या दिवशी एका शुभेच्छुकाचं बोट साहेबांच्या कोपराला लागत होतं. फोटो लहान करायला तो तयार नव्हता, साहेबांना हलवायची दुकानदाराची हिंमत नव्हती. शेवटी फ्लेक्स दोन फूट रुंद केला आणि वाढलेले चौरस फूट शुभेच्छुकाच्या बिलात लावले.