परतीचा ड्रेक

अंटार्क्टिकाच्या आलिशान सफरींच्या माहितीपत्रकात पेंग्विन असतात, हिमनग असतात, झोडिॲक नावाच्या रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरणारी माणसं असतात. परतीच्या वाट्याला मात्र ‘उशुआयाला आगमन’, म्हणजे अर्जेंटिनातल्या बंदरावर पोचणं, एवढीच ओळ येते. लाखो रुपये भरून गेलेल्या प्रवाशाची खरी कसोटी त्या ओळीतच असते, आणि तिची तयारी घरूनच करावी लागते.

शेवटचा किनारा सोडल्यावर बूट पुन्हा एकदा जंतुनाशकात बुडवून घासले जातात. हा सोपस्कार नाही. २०२४च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लूचा घातक विषाणू पहिल्यांदा सापडला. तो एका वसाहतीतून दुसरीकडे आपल्या तळव्यांनी जाता कामा नये. तिथला खडा, पीस किंवा हाड खिशात घालून आणायलाही मनाई आहे. आठवण म्हणून फोटो आणावेत, एवढंच.

मग लागतो ड्रेक पॅसेज. अंटार्क्टिकाजवळची दक्षिण शेटलँड बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न यांच्यामधलं हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवणारी जमीन कुठेच नाही. खंडाला वेढून वाहणारा प्रवाह इथल्या चिंचोळ्या जागेतून सेकंदाला १३ कोटी घनमीटरहून अधिक पाणी पुढे रेटतो. समुद्र शांत असला तर प्रवासी त्याला ‘ड्रेक लेक’ म्हणतात, खवळला तर ‘ड्रेक शेक’. बोट लागायची ती महागड्या स्वीटमधल्या माणसालाही लागतेच. गोळी लाटा सुरू होण्याआधी घ्यायची, हा डॉक्टरांचा सल्ला परतीच्या वेळी लोक हमखास विसरतात.

ड्रेक ओलांडण्यात जाणारे हे दोन दिवस वाया गेले असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. जहाजामागे तरंगत येणारा भटक्या अल्बाट्रॉस, ज्याच्या पंखांचा पसारा तीन मीटरहून मोठा असतो, तो दिसतो तो याच मोकळ्या समुद्रात. शिवाय पाहिलेलं मनात बसायला वेळ लागतो. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहून निघाली आणि फेब्रुवारी १९८२मध्ये जहाजानेच गोव्याला परतली. बर्फातून उकाड्यात यायला त्या मंडळींना काही आठवडे मिळाले. आजच्या पर्यटकाला मिळतात ते हे दोनच दिवस. काहींना तेही नको असतात. ते किंग जॉर्ज बेटावरून विमानाने दोनेक तासांत चिलीतल्या पुंता अरेनासला पोचतात. अर्थात धुकं उतरलं की त्या धावपट्टीवर विमान येत नाही, मग वाट पाहणं आलंच.

समुद्रमार्गे परतणाऱ्यांच्या जहाजावर बीगल खाडीत वाट दाखवणारा स्थानिक पायलट चढतो आणि पाणी निवळतं. आदल्या रात्रीच बॅगा केबिनबाहेर ठेवलेल्या असतात. सकाळी नाश्ता, पासपोर्ट हातात, आणि उतरा. त्याच संध्याकाळी तेच जहाज नव्या प्रवाशांना घेऊन निघतं. धक्क्यावर पाय ठेवल्यावर जमीन डुलल्यासारखी वाटते. घाबरू नये, शरीराचा तोल लाटांना सरावलेला असतो, तो बहुतेकांना एक-दोन दिवसांत जमिनीवर येतो.

उशुआयाहून ब्युनोस आयर्स साडेतीन तासांवर. पण देशांतर्गत बरीच विमानं एरोपार्के विमानतळावर उतरतात आणि भारताकडे येण्यासाठीची आंतरराष्ट्रीय विमानं सुटतात एझेइसाहून. मध्ये ३० किलोमीटरहून अधिक रस्ता आणि महानगराची वाहतूक. ड्रेकने जहाजाला अर्धा दिवस उशीर केला, तर त्याच दिवशीचं पुढचं तिकीट गेलंच म्हणून समजा. ब्युनोस आयर्समध्ये निदान एक मुक्काम ठेवाच. सफरीच्या खर्चापुढे हॉटेलची ती रात्र काहीच नाही.

आणखी एक कागद फार महत्त्वाचा. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझील आहे, मुंबईला येताना अनेकजण जिथे विमान बदलतात तो इथिओपियाही आहे. तुम्ही बर्फातून येत आहात, डासांच्या जंगलातून नाही, हे सांगून उपयोग होत नाही. लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर मायदेशी उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लागू होतं ते दहा दिवसांनी. तेव्हा जाकीट विकत घेण्याआधी लसीची तारीख घ्या.