वाटाण्याचं रोप आणि ‘राजा हरिश्चंद्र’

स्वप्न आणि कृती : लेखांक ६

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगताना बहुतेक जण दोनच प्रसंग रंगवतात. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, हा पहिला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्याच कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हा दुसरा. मधली सुमारे दोन वर्षं एका वाक्यात उरकली जातात : त्यांनी सर्वस्व पणाला लावलं. या आठवड्याचा लेख त्या मधल्या दोन वर्षांबद्दल आहे. स्वप्न उराशी बाळगणाऱ्याला शिकण्यासारखं जे काही आहे, ते सगळं तिथे आहे.

पडद्यावर ख्रिस्त पाहिला तेव्हा धुंडिराज गोविंद फाळके चाळिशीचे होते. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन, अशा दोन्ही ठिकाणी शिक्षण झालेलं. फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, त्याच्या यंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आले आणि भागीदारांशी न पटल्याने तो छापखानाही सोडला. बाहेरून बघणाऱ्याला हा धरसोडीचा हिशेब वाटेल. पण प्रकाश, काच, रसायनं, ठसे आणि रंग हे सगळं हाताखालून गेलेलं होतं. पुढे जे करायचं होतं, त्याची निम्मी विद्या आधीच्या अपुऱ्या राहिलेल्या उद्योगांतून आली होती, असं म्हणायला हरकत नाही.

ख्रिस्ताच्या जागी राम-कृष्ण दिसतील का, हा विचार डोक्यात शिरल्यावर त्यांनी लगेच कंपनी काढली नाही. एक छोटं यंत्र आणि काही फिती मिळवल्या. रात्री घरी मेणबत्ती लावायची, तिचा प्रकाश भिंगातून भिंतीवर पाडायचा आणि चित्रं हलतात कशी ते बघत बसायचं. दिवसा मुंबईतली सिनेमागृहं पालथी घालायची. झोप कमी, डोळ्यांवर ताण फार. अखेर दृष्टीच अधू झाली आणि डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत मिळाली. हा टप्पा कौतुकाचा खराच, पण त्यातला हट्ट अनुकरण करण्याजोगा नाही. शरीर मोडलं तर काम थांबतं, इतका साधा धडा फाळक्यांनाही त्या आजारपणाने दिलाच असेल.

मग विमा पॉलिसी गहाण पडल्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, पण ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते भारतातून वर्गणीदार होते. पिकॅडिली सर्कसजवळ त्याच नावाची पाटी दिसली, तसे ते वर चढले आणि संपादक केबर्न यांना भेटले. इंग्लंडातसुद्धा या धंद्यात किती जण बुडाले हे सांगून केबर्न यांनी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. पाहुणा हटत नाही असं दिसल्यावर मात्र त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे धाडलं. वॉल्टनच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळे विभाग बघायला मिळाले. ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन ते १ एप्रिलला मुंबईत परतले.

आता हातात कॅमेरा होता आणि चित्रपटाला लागणारं भांडवल नव्हतं. अशा ठिकाणी बरीच स्वप्नं अडकतात. पैसे आले की सुरू करू, असं म्हणत वर्षं जातात. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले.

कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. कोंब मातीबाहेर येतो, वाढतो, त्याचा वेल होतो, हे सगळं पडद्यावर जेमतेम मिनिटभरात घडलं. ‘अंकुराची वाढ’ हे या चित्रफितीचं नाव. कल्पना सुंदर आहेच, पण तिच्यातला व्यवहार अधिक विचार करण्याजोगा आहे. रोपाला पगार लागत नाही, पोशाख लागत नाही, तालीम लागत नाही. तरीही कॅमेरा नीट चालतो का, फीत नीट धुतली जाते का, पडद्यावर चित्र स्थिर उभं राहतं का, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तेवढ्या मिनिटात मिळतं. शिवाय ते दुसऱ्याला दाखवता येतं. फाळक्यांनी ती फीत निवडक लोकांना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे यांच्यासारख्यांनी कर्ज देऊ केलं. तोंडी वर्णनावर कर्ज मिळणं कठीण होतं, कारण सिनेमा बनवणं म्हणजे काय हे ऐकणाऱ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मानसशास्त्रात या गोष्टीची एक बाजू तपासलेली आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९७ मध्ये एका सहकारी संशोधिकेबरोबर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक टिपण लिहायला सांगितलं होतं. काहींकडून ते नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवून घेतलं. त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांनी वेळेत काम केलं, बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिलं. इच्छा दोन्ही गटांची होती. फरक पडला तो वेळ आणि जागा मुक्रर करण्याने. वाटाण्याच्या कुंडीने फाळक्यांच्या बाबतीत नेमकं हेच केलं : रोज, त्याच जागी, ठरलेलं काम. रोप थांबत नाही, त्यामुळे उद्यावर ढकलायची सोयच नव्हती.

कर्जाला तारण म्हणून पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. पण त्यांचा वाटा दागिन्यांवर संपवणं हा अन्याय आहे. त्या काळी कच्ची फीत भोकं न पाडताच यायची. कॅमेऱ्याचे आणि प्रोजेक्टरचे दाते ज्या भोकांत अडकतात, ती घरीच अंधाऱ्या खोलीत यंत्रावर पाडावी लागत. उजेडाचा कवडसा आला तर फीत वाया. भोक जरा सरकलं तर पडद्यावर चित्र थरथरणार. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी, दर चौकटीला दोन्ही काठांवर चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट धरली, तर एका प्रतीचा आकडा पावणेपाच लाखांच्या घरात जातो. हे काम सरस्वतीबाई शिकल्या आणि करत राहिल्या. रसायनं त्या कालवत, चित्रीकरणाच्या वेळी उजेड वळवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत आणि कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचं जेवणही बघत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचं नाव आदराने घ्यायला हवं. ते क्वचित घेतलं जातं, याची खंत वाटते.

दादरच्या घरी काम सुरू झालं तेव्हा खरी अडचण नटीची आली. जाहिराती दिल्या, तमाशातल्या बायकांना आणि वेश्यांनाही विचारलं, पण कुणी तयार होईना. सिनेमात काम करणं इतकं हलकं मानलं जाई की आपण ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहोत असं बाहेर सांगा, असं फाळके आपल्या माणसांना बजावत. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके दिसले, नाजूक बांध्याचे. त्यांचा दहा रुपयांचा पगार पंधरावर नेला आणि तारामती मिळाली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हा फाळक्यांचा आग्रह होता, पण त्यासाठी त्यांनी पहिला चित्रपट अडवून ठेवला नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी डोक्यावर घेतल्यावर पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. सगळी जुळवाजुळव होईपर्यंत फाळके थांबले असते, तर या मायलेकींना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला चित्रपटच नसता.

(पुढील लेखांक : लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आणि तो विकत न घेणारे शेतकरी)