नेम, नियम आणि न्याय
(पिस्तूल नेमबाजीतील साधने व त्यांचे गट)

कुस्तीच्या आखाड्यात उतरण्यापूर्वी मल्लांची वजने करतात. शालेय कबड्डीच्या सामन्यांत खेळाडूंची वये पाहतात. यात कोणालाही नवल वाटत नाही. पन्नास किलोच्या मुलाला नव्वद किलोच्या मल्लापुढे उभे केले, तर त्या झुंजीतून कौशल्याची परीक्षा होणार नाही, हे लहान मुलालाही कळते. परंतु ज्या खेळात माणसाबरोबर एक यंत्रही स्पर्धेत उतरते, तेथे काय करावे? तेथे नुसती माणसे तोलून भागत नाही. यंत्रही तोलावे लागते. पिस्तूल नेमबाजी हा अशा खेळांपैकी एक होय.

अलीकडे आपल्या विद्यार्थ्यांत या खेळाविषयी बरेच कुतूहल उत्पन्न झाले आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी पिस्तुलाच्या दोन प्रकारांत कांस्यपदके पटकावली. अशा वार्ता वाचून मुले हर्षभरित होतात. पण त्यांच्याच तोंडून एक शंकाही ऐकू येते. "ज्याचे पिस्तूल भारी, तोच जिंकणार, मग आपल्यासारख्यांनी कशाला त्या वाटेला जावे?" ही शंका क्षुद्र मानून झटकून टाकण्याजोगी नाही. ती खरी असेल, तर तो खेळ कौशल्याचा न राहता पैशाचा ठरेल. म्हणून नियमकर्त्यांनी या शंकेला काय उत्तर दिले आहे, ते पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा प्रथमच भरल्या. अमेरिकेचे जॉन पेन व सम्नर पेन हे दोघे बंधू तेथे आले होते. २५ मीटरच्या सैनिकी पिस्तूल स्पर्धेत जॉन पहिला व सम्नर दुसरा आला. पुढे ३० मीटरच्या मुक्त पिस्तूल स्पर्धेत सम्नरने पहिला क्रमांक मिळविला. परंतु २५ मीटरच्या शीघ्र स्पर्धेत मात्र या दोघांना भागच घेता आला नाही. त्यांच्या पिस्तुलांच्या नळीचा व्यास त्या स्पर्धेस मान्य असलेल्या मापाचा नाही, असा निर्णय देण्यात आला. म्हणजे पहिल्याच ऑलिंपिकमध्ये पंचांना माणसाबरोबर हत्याराचीही पात्रता ठरवावी लागली.

आता विद्यार्थ्यांच्या सर्वांत परिचयाचा प्रकार घेऊ : १० मीटर एअर पिस्तूल. यात दारूचे काडतूस नसते. दाबलेल्या हवेच्या जोराने ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. उभे राहून, एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता नेम धरावयाचा असतो. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते, त्याचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. ७५ मिनिटांत असे ६० नेम साधावे लागतात. पूर्वी स्त्रियांसाठी ४० च नेम असत. २०१८ पासून स्त्री व पुरुष दोघांनाही ६० नेमांचा एकच नियम लागू झाला.

या पिस्तुलाला नियमांनी कोणत्या मर्यादा घातल्या आहेत? त्याचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच व ५० मिलिमीटर रुंद अशा पेटीत ते संपूर्ण मावले पाहिजे. त्याचा चाप ५०० ग्रॅमपेक्षा कमी दाबाने सुटता कामा नये. त्यावर दुर्बीण, भिंग, आरसा अथवा प्रकाशकिरण टाकणारे उपकरण नसावे. मागची खाच आणि नळीच्या टोकावरची पाती एवढ्यावरच नेम धरावयाचा. वाचताना या अटी कारकुनी थाटाच्या वाटतील; परंतु त्यांतील प्रत्येकीमागे एक कारण आहे, आणि ते थोड्या गणिताने समजते.

लांबीचीच अट पाहा. समजा, पुढची पाती व मागची खाच यांत ३५ सेंटिमीटर अंतर आहे आणि हात किंचित कापल्यामुळे पाती खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर बाजूला सरकली. ३५ सेंटिमीटरमागे १ मिलिमीटर, तर १० मीटरमागे किती? त्रैराशिक मांडले की उत्तर येते सुमारे २८ मिलिमीटर. लक्ष्यावरील वर्तुळे एकाहून एक ८ मिलिमीटर अंतराने बाहेर पसरलेली असतात. त्यामुळे दहाच्या ठिकाणी सातच गुण हाती येतात. आता एखाद्याने दुप्पट लांबीचे पिस्तूल आणले व हे अंतर ७० सेंटिमीटर झाले, असे धरा. पातीची चूक तेवढीच, १ मिलिमीटर. पण लक्ष्यावर ती १४ मिलिमीटरच होईल आणि गुण नऊ पडतील. हात तोच, चूक तीच, तरी दोन गुण अधिक! हे दोन गुण कोणाचे? नेमबाजाचे खास नव्हेत. ते लोखंडाचे होत. पेटीचा नियम हे लोखंडाचे गुण स्पर्धेबाहेर ठेवतो.

चापाचेही असेच आहे. अगदी हलका चाप बोटाचा नुसता स्पर्श होताच सुटतो आणि पिस्तूल जागचे हलत नाही. जड चाप ओढताना मात्र बोट जरा तिरके गेले, तरी नळी बाजूला वळते. न वळवता चाप ओढणे ही या कलेतील अत्यंत अवघड गोष्ट. तीच जर यंत्राने करून टाकली, तर परीक्षा घ्यावयाची कशाची? म्हणून ५०० ग्रॅमचे वजन चापाला टांगून, नळी उभी धरून, पिस्तूल हळूहळू उचलतात. वजन वर उचलले गेले पाहिजे आणि चाप सुटता कामा नये. यासाठी तीन वेळा संधी मिळते. एवढेच नव्हे, तर नेमबाजी झाल्यावरही काही स्पर्धकांची पिस्तुले पुन्हा तपासतात. त्या वेळी चाप हलका आढळला, तर तो स्पर्धक बाद होतो, मग त्याचे गुण कितीही असोत.

मग नियमांनी सर्वांना एकाच साच्याचे पिस्तूल द्यावे, असे कोणी म्हणेल. तसे मात्र नियम करीत नाहीत, आणि यातच त्यांचे शहाणपण दिसते. माणसांचे हात एकसारखे नसतात. कोणाचा तळवा रुंद, कोणाची बोटे आखूड, कोणी डावखुरा. म्हणून लाकडी मूठ आपल्या तळव्याबरहुकूम कोरून घेण्याची मुभा आहे. चाप पुढे-मागे सरकवता येतो. पातीची रुंदी आपल्या दृष्टीस मानवेल तशी निवडता येते. मात्र मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. त्या हातावर घड्याळ, कडे वा पट्टा चालत नाही. बुटांनी घोटा झाकलेला चालत नाही. हाताला साजेसे साधन घ्या, पण हाताचे काम साधनावर सोपवू नका, असा या साऱ्या कलमांचा एकत्रित अर्थ आहे.

या संदर्भात हंगेरीच्या कारोय ताकाच यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. १९३८ साली सैनिकी शिक्षण चालू असताना हातबाँब फुटून त्यांचा नेमबाजीचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नव्याने अभ्यास आरंभिला आणि १९४८ साली लंडन येथे व १९५२ साली हेलसिंकी येथे शीघ्र पिस्तूल प्रकारात ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. कोणत्याही नियमाने त्यांना गुणांची सूट दिली नव्हती. नियमांनी एवढेच केले, की कोणत्या हाताने पिस्तूल धरावे हे नेमबाजावर सोपविले.

याउलट, साधन फारच मोकळे सोडल्यास काय होते, हेही या खेळाने अनुभवले आहे. २५ मीटर शीघ्र प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या प्रथम ८, मग ६ व शेवटी ४ सेकंदांत झाडावयाच्या असतात. गोळी सुटताच पिस्तुलाला बसणारा धक्का जितका कमी, तितके पुढचे लक्ष्य लवकर गाठता येते. त्यामुळे कित्येक वर्षे या एकाच कामासाठी घडविलेली खास पिस्तुले आणि अतिशय सौम्य अशी आखूड काडतुसे प्रचारात होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर ही मोकळीक काढून घेण्यात आली. नेहमीचे लांब काडतूस आणि निदान १००० ग्रॅम दाबाचा चाप सर्वांना सक्तीचा झाला. एकाच पिस्तुलावर २५ मीटरच्या अनेक स्पर्धा खेळता येऊ लागल्या. एका प्रकारासाठी निराळे हत्यार विकत घेण्याची ज्याला ऐपत नाही, त्याच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता.

येथवर आपण एका उपायाचा विचार केला : सर्व साधनांना एकच हद्द घालणे. दुसराही एक उपाय आहे, तो म्हणजे साधनांचेच गट पाडणे. १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया या गावी वेगवान व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या प्रकारात स्पर्धक धावत, वळत, आडोशामागून नेम साधतो आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. २० सेकंदांत १०० गुण, तर भागाकार ५. आरंभी सारे एकत्रच खेळत. पुढे धक्का कमी करणारी जोडणी आणि तांबडा ठिपका दाखविणारे भिंग आले. साध्या पिस्तुलाचा मालक मागे पडू लागला. तेव्हा गट पाडणे भाग पडले. आज तेथे खुला गट आहे, त्यात बहुतेक सर्व जोडण्या चालतात. प्रमाणित गटात भिंग नाही आणि पिस्तूल ठरलेल्या पेटीत मावले पाहिजे. कारखान्यातून येते तशाच पिस्तुलांचा गट निराळा, आणि फिरत्या चक्रीच्या रिव्हॉल्व्हरचा गट त्याहून निराळा. मैदान सर्वांना एकच. गुणपत्रके मात्र वेगळी.

येथे जोरकस काडतुसाचाही विचार केला आहे, आणि तो मोठा मार्मिक आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये व वेग सेकंदाला फुटांत घेऊन त्यांच्या गुणाकाराला हजाराने भागतात. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ९५० फूट गेली, तर आकडा येतो १७१. प्रमाणित गटात १७० वा त्याहून अधिक आकडा "मोठा" ठरतो, तर किमान मर्यादा १२५ आहे. मोठ्या जोराच्या काडतुसाचा धक्का सोसणे कठीण. म्हणून लक्ष्याच्या मध्याबाहेर लागलेल्या गोळीला त्याला ४ व २ गुण मिळतात, लहान जोराच्या काडतुसाला ३ व १. मध्यावर लागली, तर दोघांनाही ५ च. ज्याने अधिक कष्टाचे साधन पत्करले त्याला थोडी भरपाई आहे, पण अचूक नेमाला सर्वांचे मोल सारखे आहे. स्पर्धकाने सांगितलेला आकडा पंच यंत्राने ताडून पाहतात. पिस्तूल आपल्या गटाच्या अटींत बसले नाही, तर स्पर्धकाला खुल्या गटात ढकलतात. तेथे त्याची गाठ सर्वांत सुसज्ज प्रतिस्पर्ध्यांशी पडते.

आता मूळ शंकेकडे वळू. भारी पिस्तूल जिंकते काय? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्थानचे ५१ वर्षांचे युसुफ दिकेच साधा चष्मा लावून, डोळ्यांवर नेमबाजीची खास भिंगे वा झापडे न बांधता उभे राहिले आणि मिश्र सांघिक एअर पिस्तूल प्रकारात रौप्यपदकाचे मानकरी झाले. पण यावरून साधनाला काहीच महत्त्व नाही, असे समजणेही चुकीचे होईल. दिकेच यांच्या हातातले पिस्तूल स्पर्धेच्याच दर्जाचे होते. आणि टोकियो येथे २०२१ साली मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि त्या बाराव्या क्रमांकावर राहिल्या. नियम पिस्तुलाचा आकार बांधून देतात; ते बिघडणार नाही अशी हमी देत नाहीत.

किंमतही नियमांच्या कक्षेबाहेरच राहते. परदेशी बनावटीचे चांगले एअर पिस्तूल लाखाच्या घरात जाते. ५०० ग्रॅमचे वजन टांगून चापाची परीक्षा होते. घरच्या परिस्थितीची परीक्षा घेणारे वजन कोठेच नाही. ज्या मुलाला पिस्तूल हातातच मिळत नाही, त्याच्यावर अन्याय स्पर्धेच्या दारात येण्यापूर्वीच झालेला असतो, आणि तो दूर करणे पंचांच्या हाती नसून शाळा, क्रीडामंडळे व समाज यांच्या हाती आहे. एका संस्थेने दोन चांगली पिस्तुले घेतली, उजव्या व डाव्या हाताच्या मुठी ठेवल्या आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पाळीपाळीने दहा मुलांना ती दिली, तरी दहा घरांपुढचा प्रश्न सुटतो. एअर पिस्तूल हेही शस्त्रच असल्यामुळे ते संस्थेच्या कुलुपात व शिक्षकाच्या नजरेखाली असणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्यच आहे.

विद्यार्थिमित्रहो, कोणत्याही स्पर्धेत हार झाली की साधनाला बोल लावण्याचा मोह होतो. तसे म्हणण्यापूर्वी एवढेच तपासावे, की प्रतिस्पर्ध्याचे साधन नियमात होते काय. ते नियमात नसेल, तर निर्भयपणे पंचांकडे दाद मागावी. नियम त्यासाठीच आहेत. ते नियमात असेल, तर उरलेले अंतर सरावाने तोडावयाचे आहे, हे मान्य करून दुसऱ्या दिवशी वेळेवर मैदानावर हजर व्हावे.