लहान आतड्याचे मोठे काम

आपण चपाती आणि खिमा खातो. घास गिळला की काम संपले, असे आपल्याला वाटते. पण अन्न पोटात गेले म्हणजे ते शरीराला मिळाले असे नाही. ते रक्तात पोहोचले तरच हातापायांना ताकद मिळते. हे काम मुख्यतः लहान आतडे करते.

लहान आतडे ही सुमारे 6 मीटर लांबीची नळी आहे. ती मोठ्या आतड्यापेक्षा अरुंद असते, म्हणून तिला लहान म्हणतात. जठरातून आलेल्या अन्नात येथे पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस मिसळतो. पचन पूर्ण झाले की चपातीतील पिठापासून ग्लुकोज, खिम्यातील प्रथिनांपासून अमिनो आम्ले आणि तेलापासून मेदाम्ले मिळतात. इफ्तारच्या वेळी खाल्लेल्या खजुरातील बरीचशी साखर आधीच साधी असते. म्हणून ती लवकर शोषली जाते.

साध्या कापडापेक्षा टर्किश टॉवेल पाणी जास्त का टिपतो? कारण त्याच्यावर धाग्यांची असंख्य बारीक टोके उभी असतात. आतड्याच्या आतल्या बाजूलाही घड्या असतात. त्यांवर मिलिमीटरभर उंचीचे असंख्य उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. आतडे आतून गुळगुळीत असते, तर त्याचा पृष्ठभाग अर्धा चौरस मीटरच भरला असता. प्रत्यक्षात तो सुमारे 30 चौरस मीटर, म्हणजे एका लहान वर्गखोलीएवढा असतो!

प्रत्येक रसांकुरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले त्यात शिरतात व आधी यकृताकडे जातात. बहुतेक स्निग्ध पदार्थ मात्र लसीकावाहिनीतून जातात आणि नंतर रक्तात मिसळतात.

ग्लुकोज सहसा एकटे आत जात नाही. ते मिठातील सोडियमबरोबर पेशीत शिरते आणि त्यांच्यामागून पाणीही जाते. पटकी म्हणजे कॉलरा झाला की शरीरातील पाणी आतड्यातून भराभर वाहून जाते. पण ग्लुकोज आणि सोडियमचे हे दार तेव्हाही उघडे असते.

1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी पाजले. आधी शंभरातले सुमारे 30 रुग्ण दगावत होते. या पाण्यामुळे ते प्रमाण 4 पेक्षाही कमी झाले.

म्हणून घरात कुणाला जुलाब झाले, तर त्याचे पाणी बंद करू नका. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवा. पुडी नसेल, तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त होऊ देऊ नका. हे पाणी घोटघोट पाजा आणि रुग्णाला डॉक्टरांकडे न्या. मूठभर साखर आणि चिमूटभर मीठ आतड्याच्या मदतीने एक जीव वाचवू शकतात.

शब्दार्थ
जठर – अन्न साठवणारी पोटातील पिशवी
स्निग्ध पदार्थ – तेल, तूप, चरबी
निर्वासित – घरदार सोडावे लागलेले लोक
दगावणे – मरण पावणे

प्रश्न
1. रसांकुरांमुळे आतड्याला कोणता फायदा होतो?
2. जुलाबात नुसत्या पाण्यापेक्षा साखर-मिठाचे पाणी अधिक उपयोगी का ठरते?